डोंगरात बसवलेल्या भिंतीमागचं पाणी: आतून लेप नको, आधी पाइपचं तोंड शोधा

तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. संगमेश्वर तालुक्यात उतारावर जांभ्याच्या चिऱ्यांचं घर. मागची ४० फुटी भिंत डोंगर कापून बसवलेली, त्यामुळे मागची जमीन आतल्या लादीपेक्षा ५ फूट वर. २०१४ साली बांधताना भिंतीमागे भोकं पाडलेला ४ इंची पाइप आणि त्यावर खडी टाकली होती. सुरुवातीची काही वर्षं जुलै-ऑगस्टमध्ये पाइपच्या तोंडातून भरपूर पाणी यायचं. गेले दोन पावसाळे एक थेंब नाही, आणि आत लादीपासून ३ फुटांपर्यंत ओल, लोणा (भिंतीवर फुटणारे क्षार), पापुद्रे. आतून लावलेला वॉटरप्रूफिंगचा लेप एका पावसात फुगून सुटला. एक गवंडी म्हणतो भारीतला लेप लावू, दुसरा म्हणतो जेसीबी आणून मागचं सगळं उकरू. तुम्ही ठाण्याला राहता, घरी येणं मे महिन्यात आणि गणपतीत.

सध्या यातलं काहीच करू नका. तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ओलीबद्दलचं नाही, पाइपबद्दलचं आहे: पाणी येणं थांबलं. पाऊस थांबलेला नाही, डोंगरही तोच आहे. म्हणजे ते पाणी आता भिंतीमागे तुंबतंय आणि चिऱ्यातून वाट काढतंय. जांभा सच्छिद्र दगड. त्यातून पाझर यायला भेग लागत नाही. ५ फूट उंचीचं पाणी भिंतीला टेकून उभं राहिलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर अकराशे किलोच्या वर आडवा रेटा बसतो, तोही नुसत्या पाण्याचा, मातीचा वेगळा. आतून लावलेला लेप मागून रेटणाऱ्या पाण्यासमोर टिकत नाही, कारण पाणी त्याला भिंतीपासून ढकलून सोडवतं. समजा टिकलाच, तर तेच पाणी भिंतीत आणखी वर चढेल किंवा लादीच्या सांध्यातून फुटेल.

आता हे किती सोपं किंवा अवघड, हे तीन गोष्टींवर ठरेल: पाइप कोणत्या जातीचा आणि कोणत्या उतारावर टाकलाय, त्याच्यावर खरंच पुरेशी खडी आहे की दोन घमेली टाकून वर माती लोटलीय, आणि पाइपच्या वरच्या टोकाला साफसफाईसाठी चेंबर ठेवलाय का. यातलं काहीच तुम्हाला ठाऊक नसेल असं धरून पुढचं लिहितो.

खणण्याआधी छपराचं पाणी बघा. हजार चौरस फुटांच्या छपराचा निम्मा उतार मागे असेल तर ते साधारण ४६ चौरस मीटर होतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. कोकणात दिवसाला १०० मिलिमीटर काही नवलाचं नाही, म्हणजे एका दिवसात साडेचार हजार लिटरच्या वर पाणी पागोळ्यांतून थेट भिंतीमागच्या खडीत. मागच्या बाजूला पन्हळ नसेल, किंवा असून पानांनी भरलेली असेल, तर जमिनीखालचा पाइप कितीही चांगला असू दे, तो हरणार. पन्हळीचं पाणी बंद पाइपने घराच्या बाजूने खाली न्या. बऱ्याच ठिकाणी प्लंबर पन्हळीचा पाइप सरळ त्या भोकाच्या पाइपला जोडून देतो, दिसायला नीटनेटकं दिसतं म्हणून. ते तोडा. भोकाचा पाइप जमिनीतलं पाणी गोळा करण्यासाठी असतो; त्यात छपराचं पाणी घातलं की त्याच भोकांतून ते भिंतीमागे परत बाहेर पडतं, वर छपरावरची पानं-माती आत जाते ती वेगळीच.

मग भिंतीलगतची जमीन. मागे कोब्याचा (सिमेंट-काँक्रीटच्या थराचा) पट्टा असेल तर त्यावर एक बादली ओता आणि पाणी कुठे जातं बघा. भिंतीकडे आलं, किंवा भिंत आणि कोबा यांच्यातल्या फटीत गुडुप झालं, तर ओलीचं अर्धं कारण तिथेच आहे. पट्टा किमान ३ फूट रुंद हवा आणि तेवढ्या रुंदीत बाहेरच्या बाजूला दीड इंच तरी उतार हवा. फट सिमेंटने बुजवू नका. उन्हाळ्यात पुन्हा उघडते. ती कोरून, धूळ काढून, लवचिक सीलंट किंवा डांबरी मस्टिक भरा.

ओल नक्की कशाची, याचा सगळ्यात स्वस्त पुरावा वेळेत असतो. सर आली आणि दोन-तीन तासांत भिंतीला डाग गडद झाला, तर पाणी वरून, पागोळी-कोब्याच्या फटीतून येतंय. तीन-चार दिवस संततधार झाल्यावर ओल वाढली आणि पाऊस उघडल्यावरही आठवडाभर टिकली, तर डोंगराला उपळ (पावसाळी झरा) फुटलीय आणि भिंतीमागे पाणी उभं आहे. आणि मार्च-एप्रिलमध्येही एकच जागा ओली असेल, तर पावसाला दोष देऊ नका; वरच्या अंगाची पाण्याची टाकी, नळाची लाइन किंवा शोषखड्डा तपासा. तुम्ही तिथे राहत नसल्यामुळे हे शेजाऱ्याकडून तारीख टाकून फोटो मागवून करावं लागेल. चार-पाच फोटो पुरतात, पण भिंतीवर पेन्सिलने ओलीची रेघ आणि तारीख मारायला सांगा. नुसत्या फोटोवरून दोन इंचांचा फरक कळत नाही.

आता मुख्य काम. पाइप नेहमी तोंडाकडून मागे तपासत जायचा. बंद पडलेल्या अशा पाइपांत बिघाड बहुतेक शेवटच्या दोन-तीन मीटरमध्येच सापडतो आणि तिथे जेसीबी लागत नाही, कुदळ पुरते. तोंडावर मातीची भर पडलेली असते, गवताची मुळं आत शिरलेली असतात, कोणीतरी गडगा (दगडी कुंपण) घालताना पाइप चेपलेला असतो, किंवा जाळी नसल्याने खेकडे आत जाऊन माती ओढून ठेवतात. तोंड सापडत नसेल तर घराच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यापासून उताराच्या दिशेने शोधा. जिथे उन्हाळ्यात उशिरापर्यंत गवत हिरवं राहतं, तिथे खणून बघा.

तोंड मोकळं झाल्यावर आत काय निघतं ते हातात घेऊन बघा, कारण इलाज त्यावर ठरतो. करडी-लाल माती आणि बारीक वाळू निघाली, तर खडीभोवती गाळणं नव्हतं आणि डोंगराची माती आत वाहून आली. तंतुमय जाळं निघालं, तर मुळं. आणि जांभ्याच्या भागात तिसरी गोष्ट फार वेळा निघते: नारिंगी, बुळबुळीत, सायीसारखा लगदा. बोटांत चोळला तर खरखर लागत नाही, हात मात्र गंजासारखे रंगतात. हे लोखंड आहे. जमिनीतल्या पाण्यात विरघळलेलं लोह पाइपात हवेला भेटतं, लोहजीवाणू त्यावर वाढतात आणि भोकांच्या कडेला हा थर साचत जातो. पावसाळ्यात अशा पाइपच्या तोंडाशी साचलेल्या पाण्यावर तेलासारखा सप्तरंगी तवंग दिसतो आणि लोकांना वाटतं वर कुणाच्या गाडीचं ऑइल सांडलंय. काडीने तवंग हलवून बघा: पापुद्र्यासारखा तुटून तुकडे झाले आणि वेगळेच राहिले तर जीवाणू, लगेच पुन्हा जुळून आला तर तेल. पाच-सहा वर्षं उत्तम चाललेला पाइप हळूहळू बंद पडणं या लगद्याशी चांगलं जुळतं. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय यावरच आहे.

साफ करायची पद्धत अशी. प्लंबरकडची कामटी (लांब लवचिक पट्टी) किंवा जोडायचे ड्रेन रॉड घालून आधी किती खोल जातं ते मोजा आणि कामटीवर खूण करा. जिथे अडतंय ती जागा जमिनीवर चुना टाकून दाखवता येते. मोबाइलला जोडायचा १० मीटरचा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो, तो कामटीला बांधून आत सरकवा. मग पाण्याचं जेटिंग. गाड्या धुण्याच्या प्रेशर वॉशरला ड्रेन होज जोडता येतो. त्याच्या टोकाचे फवारे मागे मारतात, त्यामुळे नळी स्वतः पुढे सरकते आणि मळ तोंडाकडे ओढला जातो. काम खालून वर, सावकाश, दीड-दोन फूट पुढे आणि पुन्हा मागे, तोंडातून स्वच्छ पाणी येईपर्यंत. अॅसिड, कॉस्टिक, मीठ यातलं काहीही ओतू नका. ते शेवटी व्हाळाला (ओढ्याला) आणि कुणाच्या तरी विहिरीला जातं, आणि लगदा तेवढ्याने जातही नाही.

साफ झालं का हे बघायला वरच्या टोकातून २०० लिटरचं पिंप एकदम सोडा आणि खाली बादल्या लावून मोजा. उन्हाळ्यात जमीन कोरडी असते, भोकांतून बरंच पाणी ती पिऊन टाकते, त्यामुळे निम्मंच परत आलं म्हणून घाबरू नका. बघायचं ते हे की पाणी किती मिनिटांत आलं आणि धार सलग आहे की अडखळत येते. वरच्या टोकाला चेंबर नसेल तर आत्ताच एक करून घ्या: ते टोक उघडं करून दोन ४५ अंशांचे बेंड जोडून पाइप जमिनीच्या वर काढा आणि झाकण लावा. ९० चा एल्बो घालू नका, त्यातून कामटी वळत नाही. चाळीस फुटांच्या लाइनला दोन्ही टोकांना अशी एकेक जागा पुरते.

याच वेळी आणखी एक छोटं काम करून ठेवा, ज्याचा उपयोग पुढची दहा वर्षं होईल. भिंतीमागे, दोन्ही कोपऱ्यांजवळ, २ इंची पीव्हीसी पाइपला खालच्या ३ फुटांत भोकं पाडून, त्या भागाला गाळणीचं कापड बांधून, उभा गाडा आणि वर टोपी लावा. खोली लादीच्या पातळीखाली फूटभर. पावसाळ्यात टोपी काढून काठी सोडली की भिंतीमागे पाणी किती वर आहे ते इंचात कळतं. लादीच्या वर दोन-तीन फूट पाणी उभं आहे आणि तोंड कोरडं, तर पाइप अजून बंद आहे. पातळी लादीच्या खाली आहे आणि तरीही भिंत ओली, तर पाणी वरून येतंय किंवा जुनी ओल अजून वाळतेय; भिंत उकरायचं कारण नाही. हे न मोजता जेसीबी बोलावणं म्हणजे निव्वळ जुगार.

तर खर्चाचा क्रम असा: पन्हळ, कोब्याची फट, पाइपचं तोंड, जेटिंग, निरीक्षणाच्या दोन नळ्या, आणि मग एक पावसाळा बघणं. यावर भागलं नाही तरच खोदकाम.

खोदकामाची वेळ कधी येते? कॅमेऱ्यात पाइप मध्येच चेपलेला दिसला, किंवा तोंड मोकळं असूनही मध्ये कायम अर्धा पाइप पाणी भरून दिसलं, म्हणजे तिथे उलटा उतार बसलाय. अशा वेळी तेवढाच तुकडा उघडा. पूर्ण लाइन काढायची ती पाइपच्या भोवती खडीच नसेल, किंवा जेटिंग करून महिनाभरात पुन्हा माती भरली तरच.

पूर्ण काढायची झालीच तर हे नीट वाचा, कारण इथे प्रश्न ओलीपुरता राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. काम जानेवारी ते एप्रिल, पावसात कधीही नाही. तुमच्याकडे चर साधारण ६ फूट खोल जाणार. ५ फुटांपुढे उभ्या कडेच्या चरात आधाराशिवाय माणूस उतरवायचा नाही. डोंगराकडची कड तिरकी कापा किंवा फळ्या-टेकू लावा. सलग ४० फूट एकदम उघडू नका. ५-६ फुटांचे टप्पे करा, एक आड एक, एक भरून झाल्यावर शेजारचा. पायाच्या तळाच्या खाली खणायचं नाही. पाइप आतल्या लादीच्या फूटभर खाली आणि पायाच्या तळाच्या वर, या दोन रेषांमध्ये बसला पाहिजे. जेसीबी चरापासून चराच्या खोलीइतका तरी लांब उभा राहिला पाहिजे, नाहीतर त्याच्याच वजनाने कड सुटते. आणि कापलेल्या डोंगरात वर आडव्या भेगा दिसत असतील, झाडं कललेली असतील, तर हे माझ्या उत्तराचं काम नाही. आधी भूतंत्र (जिओटेक्निकल) अभियंत्याला दाखवा. जुलै २०२१मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून काय झालं ते कोकणात सगळ्यांना माहीत आहे.

भिंत उघडी पडली की बाहेरून धुऊन, सांधे भरून, १:४ चं गुळगुळीत प्लॅस्टर करा आणि ते वाळल्यावर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा. लेपाची खरी जागा हीच, कारण इथे पाणी त्याला भिंतीवर दाबतं, सोडवत नाही. त्यावर बुंदक्यांचा प्लास्टिकचा ड्रेन शीट लावला तर भराव टाकताना लेप खरवडत नाही.

चराच्या तळाला दोन-अडीच इंच खडी, त्यावर पाइप. ११० मिलिमीटरचा जाड पीव्हीसी घ्या, शेतीचा पन्हाळीदार मऊ पाइप नको. ८ ते १० मिलिमीटरची भोकं, दोन ओळींत, दर ४ इंचांवर, आणि ती खालच्या बाजूला, घड्याळातल्या ४ आणि ८ च्या जागी. भोकं वर ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण पाणी जमिनीतून वर चढत येतं. भोकं खाली असली तर ते लवकर पाइपात शिरतं आणि पातळी पाइपच्या तळाशीच थांबते. ड्रिलची आतली कुसळं कानशीने काढा, नाहीतर त्यांना मुळं आणि लगदा अडकतो. उतार १०० ला १, म्हणजे ४० फुटांना जवळजवळ ५ इंच. हा अंदाजाने ठेवायचा नाही, पाण्याची लेव्हल नळी लावून दर १० फुटांवर तपासायचा. भिंत संपल्यावर पुढचा पाइप बिनभोकांचा, थेट तोंडापर्यंत.

खडी २० मिलिमीटरची, धुतलेली. दगडपावडर असलेली खडी स्वस्त पडते आणि तीच पहिल्या पावसात पाइप भरते. पाइपपासून जमिनीखाली एक फुटापर्यंत खडीच भरा, नुसती पाइपभोवती नाही, म्हणजे डोंगराचं पाणी भिंतीला न टेकता सरळ खाली उतरेल. दीड फूट रुंद आणि सुमारे ५ फूट उंच धरलं तर ४० फुटांना ३ ब्रास (३०० घनफूट) लागते. चराच्या डोंगराकडच्या बाजूला, तळाला आणि खडीच्या वरून विणलेलं नव्हे तर नमद्यासारखं दिसणारं, २०० जीएसएमचं जिओटेक्स्टाइल घाला. सांध्यांना फूटभर चढ धरून ३५ चौरस मीटर पुरेल. पाइपवर मात्र कापडाचा मोजा चढवू नका. लोखंडाच्या लगद्याने तो मोजा सगळ्यात आधी बुजतो, आणि मग जेटिंग करूनही काही होत नाही, कारण बुजलेला थर पाइपच्या बाहेर असतो. वरच्या एका फुटात चिकण माती किंवा मुरूम हलक्या हाताने धुमस करून, त्यावर कोबा.

वरच्या अंगाला, कापलेल्या कडेपासून ५-६ फूट मागे, फूट बाय फुटाचा उघडा चर काढला तर डोंगरावरून वाहून येणारं पाणी घरापर्यंत पोचतच नाही. पण तो चर पक्का बांधलेला हवा. कच्चा चर पाणी वाहून नेण्याऐवजी मुरवतो, आणि मुरलेलं पाणी थेट तुमच्या भिंतीमागे उतरतं.

तोंडाला १२ मिलिमीटरची जाळी लावा, काढता-घालता येईल अशी. त्याहून बारीक जाळी पानांनी बंद होते, मोठीतून खेकडे आणि उंदीर जातात. तोंडाखाली दगड बसवा, नाहीतर धारेने माती उकरून पाइपचं टोक लटकतं. पाणी नैसर्गिक व्हाळाकडे जाऊ दे. शेजाऱ्याच्या बागेत तोंड काढायचं असेल तर आधी बोलून घ्या. बांधावरून होणाऱ्या भांडणांत पावसाळी पाण्याचा वाटा मोठा असतो.

देखभालीचं वेळापत्रक तुमच्या येण्याजाण्यावर बसवता येतं. मे महिन्यात पन्हळ, जाळी, चेंबरमधला गाळ आणि वरच्या टोकातून एक पिंप पाणी. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर शेजाऱ्याने फक्त तोंडाचा फोटो पाठवायचा. गणपतीत आलात की दोन्ही नळ्यांत काठी टाकून पातळी लिहून ठेवा. नारिंगी लगदा निघत असेल तर जेटिंग दर मेमध्ये, नसेल तर तीन वर्षांतून एकदा. लाइनपासून १५-२० फुटांत उंबर, पिंपळ, बांबू उगवला तर लहान असतानाच काढा.

आतल्या भिंतीचं काम सगळ्यात शेवटी. सुटलेला लेप आणि लोणा लागलेलं प्लॅस्टर ओलीच्या रेघेच्या वर दीड फुटापर्यंत काढून टाका, चिरा उघडा राहू द्या, लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा आत जातात. एक पूर्ण उन्हाळा वाळू द्या. नंतर चुन्याचं प्लॅस्टर, वर चुनाच किंवा श्वास घेणारा रंग. ऑइल पेंट आणि प्लास्टिक पेंट नको. यंदा पाऊस जवळ आला असेल आणि वर सांगितलेलं काही जमणार नसेल, तर निदान मागच्या बाजूला पन्हळ लावा, कोब्याच्या फटीवर ताडपत्री अंथरून तिची कड भिंतीला पट्टीने ठोका, आणि आतली भिंत उघडी सोडून पंखा चालू ठेवायला सांगा.